काकीच्या जागी काकी

मी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेज कणकवलीला, सकाळचं. ते सुटलं की एसटीने मालवण गाठायचं आणि तीन वाजल्यापासून मॅडमच्या खोलीत बसायचं. मॅडम वकील आहेत आणि नोटरीही. टायपिंगच्या दुकानाला लागून त्यांची खोली आहे. त्यांच्या टेबलाच्या डाव्या बाजूच्या लाकडी स्टुलावर माझी जागा. कॉम्प्युटरवर प्रतिज्ञापत्रं टाईप करणं, स्टॅम्पपेपरवर छापणं, आलेल्या माणसाला वाचून दाखवणं आणि रजिस्टरमध्ये नोंद करणं, एवढं मला येतं. शिक्का मात्र फक्त मॅडमच मारतात. तो त्यांच्या कुलपातल्या खणात असतो.

मला नोटरी व्हायचं आहे. हे मी अजून फारसं कोणाला सांगितलेलं नाही. न्यायाधीश व्हायचंय म्हटलं की लोक कौतुकाने बघतात. नोटरी व्हायचंय म्हटलं की विचारतात, त्यात व्हायचं काय असतं? आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. बाबा दुसऱ्याच्या होडीवर खलाशी, आई मच्छी मार्केटात बसते. आईला मी सांगितलं तेव्हा ती पाटी घासत होती.

"काय ता नोटरी म्हणजे?"

"कागदार शिक्को मारतत. माणसान आपल्यासमोर सही केल्यान, असा लिवन देतत."

"मगे त्येका शिकूचा कित्याक लागता?"

"आधी वकील व्हवचा. मगे बाईमाणसाक निदान सात वर्सा वकिली. मगे अर्ज करूचो. तो मंजूर झालो तर."

"सात वर्सा!" आईने पाटी उपडी घातली. "पोस्टातलो तो दिसाक शंभर शिक्के मारता. तो खंय गेल्लो सात वर्सा शिकाक?"

खरं सांगायचं तर तेव्हा मलाही ते नीट कळलेलं नव्हतं. मला शिक्का आवडायचा. गोल, लाल, कागदावर दाबून उचलला की मधली अक्षरं ओली चमकायची. लोक तो कागद दोन्ही हातांनी धरून न्यायचे. आपल्या हाताने असं काहीतरी व्हावं, इतकीच माझी इच्छा होती.

मॅडमच्या कॉम्प्युटरमध्ये सगळ्या प्रकारच्या कागदांचे नमुने ठेवलेले आहेत. नाव, वय, गाव बदलायचं, की नवा कागद तयार. त्यातल्या त्यात सोपं म्हणून मला पहिल्यांदा हेच काम दिलं आणि पहिल्याच आठवड्यात मी एका तरण्याताठ्या रिक्षावाल्याला विधवा केलं. आधीच्या कागदातली दोन वाक्यं पुसायची राहिली होती. तो बिचारा मोठ्याने वाचत गेला, "माझे पती हयात नसून..." आणि थांबून म्हणाला, "ओ ताई, माझा लगीन जावचा आसा अजून!" टायपिंगच्या दुकानापर्यंत हसू गेलं. त्या दिवसापासून मी प्रत्येक कागद तीनदा तपासते. निदान वरचा मजकूर तरी.

खालचा मजकूर मात्र मी तपासत नसे. खालचा म्हणजे सहीच्या खाली नोटरीचा जो असतो तो. ‘वरील मजकूर लिहून देणार यांना वाचून व समजावून सांगितला. तो त्यांनी स्वखुशीने मान्य व कबूल केला आणि आज रोजी माझ्या समक्ष सही केली.’ लिहून देणार म्हणजे ज्याचा कागद तो. त्याच्या बाजूला ओळखणाऱ्याची ओळ: ‘लिहून देणार यांना मी व्यक्तिशः ओळखतो.’ प्रत्येक कागदावर हेच शब्द, त्यामुळे ते मला देवळाच्या पायरीवरच्या नक्षीसारखे वाटायचे. असतात म्हणून असतात. आमच्या वाडीतलं कोणी आलं की ओळखणारी म्हणून सही मी करायची. वाडीत मी सगळ्यांना ओळखते, त्यात विचार काय करायचा?

गेल्या जुलैतली गोष्ट. आमच्या घरापासून चौथ्या घरात दोन जावा राहतात. थोरली काकी आणि धाकटी काकी. थोरल्या काकीला मूल नाही. तिचे मालक दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या नावावर एक यांत्रिक होडी आहे. ती चालवतो धाकटीचा मुलगा, म्हणजे थोरलीचा पुतण्या. पण कागदावर होडी अजून काकांचीच. इतके दिवस कोणी विचारलं नव्हतं. त्या वर्षी परवान्याच्या कचेरीने सांगितलं, मालक हयात नाही तर परवाना नवा करता येणार नाही. आधी होडी पुतण्याच्या नावावर करा, त्यासाठी काकांच्या बायकोचं संमतीपत्र नोटरी करून आणा. मासेमारीवरची पावसाळी बंदी उठायला तीन आठवडे उरले होते. परवाना नसेल तर होडी किनाऱ्यावरच राहणार होती, आणि तिच्यावर दोन चुली अवलंबून होत्या.

पुतण्याने मला मोबाईलवर सगळी कागदपत्रं पाठवली. मी संमतीपत्र टाईप केलं, रिक्षावाल्याची आठवण ठेवून तीनदा तपासलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो आईला घेऊन आला. म्हणजे धाकट्या काकीला.

मी तिला दारात बघितलं आणि मला कळलं. कळलं नाही असं म्हणणं खोटं होईल. कागद थोरलीचा होता, आली होती धाकटी.

"मोठी काकी खंय?" मी हळूच विचारलं.

"तिका खंय उठूक होता," धाकटी काकी खुर्चीत बसत म्हणाली. "मांडयेचा हाड मोडल्यापासून खाटयेरच आसा. म्हणान मी इलंय. अंगठोच देवचो ना? खंय देव सांग."

तिच्या चेहऱ्यावर लपवाछपवी अजिबात नव्हती. का नव्हती, ते आमच्या वाडीत राहिल्याशिवाय कळणार नाही. आमच्याकडे पाणंद साफ करायची असो, देवळाचं काही काम असो की रापणीचं जाळं किनाऱ्यावर ओढायचं असो, हाक जाते ती घराला. प्रत्येक घरातलं एक माणूस यायचं. आज थोरला आला, उद्या धाकटा, परवा सून, कोणी हिशेब ठेवत नाही. एक माणूस आलं म्हणजे ते घर आलं. लग्नात, बाराव्याला, रेशनच्या रांगेत सगळीकडे तसंच. मी पाचवीत असताना आई मार्केटातून सुटू शकायची नाही, तेव्हा शाळेच्या पालकसभेला धाकटी काकीच यायची. माझ्या प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून तिचा अंगठा आहे. बाईंनी कधी विचारलं नाही, तुम्ही हिच्या कोण.

तरीही मनात काहीतरी अडलं होतं. मी पुतण्याकडे बघितलं. तो मोबाईलमध्ये होता. मॅडम कोर्टात गेल्या होत्या, येतील तेवढ्यात कागद तयार ठेव असं सांगून. मी विचार केला, घरातलंच काम आहे. थोरली काकी काय नाही म्हणणार आहे? आणि ज्या बाईने मला भूक लागली की आपल्या ताटात बसवलं, तिला मी कायदा कशी शिकवू? मी मजकूर वाचला, भरभर, प्रमाण मराठीत. धाकटी काकी मान हलवत होती. अंगठा मॅडमसमोर द्यायचा होता, तो ठेवला. पण माझी ओळखणारीची सही मी करून टाकली.

मॅडम आल्या. छत्री कोपऱ्यात ठेवली, चष्मा पुसला, कागद वाचला. मग त्यांची सवय असते, समोरच्या माणसाशी दोन शब्द बोलायचे.

"काकी, नाव काय तुमचं?"

धाकट्या काकीने कागदावरचं नाव सांगितलं. पाठ करून आली असावी, कारण आडनावासकट एका दमात सांगितलं.

"आणि मालक कधी वारले?"

"शिवशिवशिव!" काकी खुर्चीतून अर्धी उठली. "काय अभद्र बोलतास! माझो घो घराक बसलोहा, जेवता! सकाळीच पेडवे करून दिलंय त्येका!"

पुतण्याने मोबाईल खिशात टाकला. मॅडमनी कागदाकडे बघितलं, मग काकीकडे, मग माझ्याकडे.

"तुझी सही आहे ना ही? वरची ओळ वाच."

मी वाचली. आवाज माझा मलाच ऐकू येत नव्हता.

"मोठ्याने."

"लिहून देणार यांना मी व्यक्तिशः ओळखते."

"चेडवाक कित्याक ओरडतास?" धाकटी काकी माझ्या बाजूने सरसावली. "माका ओळखता ना ती! जल्मल्यापासून ओळखता. त्यात खोटा काय आसा?"

मॅडमना हसू आलं असावं, कारण त्यांनी तोंडासमोर रुमाल धरला. पण मला हसू येत नव्हतं. काकीचं म्हणणं बरोबर होतं, मी तिला ओळखत होते. आणि म्हणूनच मी केलेली सही खोटी होती. अनोळखी बाई आली असती तर मी आधार कार्ड दोनदा बघितलं असतं.

मॅडमनी तो कागद दोन तिरक्या रेघा मारून रद्द केला. माझ्यावर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. फक्त म्हणाल्या, "समक्ष या शब्दासाठी सरकार आपल्याला ठेवतं. बाकी सगळं तो टायपिंगवाला पण करतो."

पुतण्याचा राग मात्र बाहेर पायरीवर निघाला. "तू वकिलाकडे शिकतंस ना? मगे तुझो उपेग काय? तीन आठवडे रवले. दुसऱ्या खंय गेलंय तर पाच मिंटात शिक्को मारून देतत, तोंड पण बगणत नाय."

"मगे थंय कित्याक नाय गेलंस?"

"तू आसंस म्हणान इलंय. घरचा माणूस." त्याने छत्री उघडली. "घरचा माणूसच असा करता."

काकीला पुढे घालून तो चालू लागला. मी तशीच उभी राहिले. संध्याकाळपर्यंत वाडीत सगळ्यांना कळणार होतं की मी होडी अडवली. आणि खरोखरच होडी अडली तर त्यात माझाही हात होता, कारण सुरुवातीलाच ‘नाही’ म्हणाले असते तर एक दिवस तरी वाचला असता. मला रडू येत होतं, पण त्याहून जास्त एक गोष्ट डोक्यात पक्की होत होती. ही होडी मी सोडवणार, आणि खोट्या कागदावर नाही.

मी परत आत गेले. "मॅडम, ती येऊ शकत नाही. आपण तिच्या घरी गेलो तर चालेल?"

"चालतं की. आपल्या हद्दीतलंच गाव आहे." मॅडम काहीतरी लिहीत होत्या. "शनिवारी जाऊ. पण या वेळी नमुना वापरायचा नाही. खालचा मजकूर तू लिही. जे घडणार आहे तेच त्यात आलं पाहिजे."

त्या चार दिवसांत मी एसटीत वहीच्या मागच्या पानांवर तो मजकूर किती वेळा लिहिला, सांगता येणार नाही. पाच ओळींचा मजकूर. कणकवलीपासून मालवणपर्यंत एकेक शब्द घालायचा आणि काढायचा. शुक्रवारी मी माझ्या मते चांगला मसुदा मॅडमसमोर ठेवला. त्यांनी पेन घेतलं.

"‘स्वखुशीने.’ ती खूश आहे हे तुला कसं कळलं?"

"तसं लिहितात ना सगळीकडे."

"सगळीकडचं सोड. तू काय बघणार आहेस? तू तिला विचारणार, ती उत्तर देणार. ते लिही." पेन खाली सरकलं. "‘संपूर्णपणे समजावून सांगितला.’ संपूर्ण समजलं की नाही हे तिच्या डोक्यात शिरून बघणार आहेस? कोणत्या भाषेत वाचणार?"

"मालवणीत."

"मग तसं लिही. ‘मालवणी बोलीत वाचून दाखवला.’ हे डोळ्यांना दिसतं, कानांना ऐकू येतं."

माझा मसुदा अर्धा झाला. मला जरा वाईट वाटलं, कारण काढलेले शब्द सगळे भारदस्त होते. पण उरलेलं वाचलं तर ते कोणीतरी बघून सांगितल्यासारखं वाटत होतं. आईच्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा थोडं थोडं कळायला लागलं. स्वतः बघितलं तेवढंच लिहायचं, आणि ते न घाबरता लिहायचं, याला सात वर्षं लागत असतील तर ती जास्त नाहीत.

शनिवारी आम्ही रिक्षाने गेलो. पाऊस धरूनच होता. रजिस्टर दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून मी पोटाशी धरलं होतं. शिक्का मॅडमच्या पर्समध्ये. थोरली काकी ओटीच्या आतल्या खोलीत खाटेवर होती, पाठीशी दोन उशा. तिला मी दोन महिन्यांत बघायला गेले नव्हते, तीन मिनिटांच्या अंतरावर राहून. बारीक झाली होती. खाटेभोवती सगळे जमले: धाकटी काकी, धाकटे काका, पुतण्या, दारात शेजारच्या दोघी.

"हां म्हण गो, मगे अंगठो दी," धाकट्या काकीने तिला सांगितलं. "रिक्षा थांबलीहा भायर."

मॅडमनी कागद उघडलाच नाही. "सगळ्यांनी ओटीवर बसा. आत फक्त आम्ही दोघी आणि ह्या."

"आमचाच घर आणि आमीच भायर?" पुतण्या म्हणाला.

"पाच मिनिटं."

तो गेला, पण दाराआड उभा असल्याचं सावलीवरून कळत होतं. मॅडम उठल्या आणि दार लोटून आल्या.

मी वाचायला सुरुवात केली. कागदावर प्रमाण मराठी होती, मी तोंडाने मालवणी करत गेले. घरी जे रोज बोलते ते कागद हातात धरून बोलताना जीभ अडखळत होती. "काकी, ह्या कागदात असा लिवलाहा, की काकांच्या नावार जी होडी आसा, ती तू पुतण्याच्या नावार करूक देतंस. मगे ती त्येची. तुझो तिच्यार हक्क रवाचो नाय."

"हक्क रवाचो नाय म्हणजे?"

नमुन्यात याचं उत्तर नव्हतं. मी मॅडमकडे बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या, मुद्दामच.

"म्हणजे," मी म्हटलं, "उद्या त्येणां ती विकल्यान, तरी तुका काय बोलाक येवचा नाय."

कौलांवर पाऊस वाजत होता. मला वाटलं, थोरल्या काकीला ऐकू आलं नसेल. पुन्हा सांगणार इतक्यात ती म्हणाली,

"ह्या माका कोणी सांगूक नाय. लायसनाचो कागद आसा, इतक्याच सांगल्यानी."

"तुका देवची नसात तर नको देव."

"देवची नाय असा नाय गो. त्येकाच देवची. तो नाय चलवतलो तर कोण चलवतलो, मी?" तिने पायाकडे हात केला आणि हसली. मग हसू गेलं. "पण इकूची नाय. चाळीस वर्सा तिका तेल लावलंय मी. काका नुसतो बडबडायचो, तेल मी लावायचंय. माका इचारल्याशिवाय इकूची नाय. असा लिवक येता?"

मी मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, लिहिता येतं, पण पुतण्याला ते मान्य असलं पाहिजे आणि त्याचीही सही लागेल. दार उघडलं. सगळे पुन्हा आत आले आणि मी अट सांगितली. चार दिवसांत पुतण्या माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता.

"म्हणजे मी इकतलंय असा वाटता तुका?" तो काकीला म्हणाला.

"इकतलंस असा नाय. इचार, इतक्याच."

"उद्या इंजिन बदलूचा झाला, तरी इचारूचा?"

"इंजिन बदल. पंखो बदल. होडी बदलूची झाली तर इचार."

"आणि फायबरची घेवची झाली तर? ही इकूकच लागतली."

"मगे इचार. मी काय नाय म्हणतलंय?"

"म्हणतलंस!"

"म्हणतलंय पण. त्यासाठीच तर इचारूचा."

दारातून धाकटे काका फस्सकन हसले. धाकटी काकी मात्र हसली नाही. ती जावेच्या पायथ्याशी बसली आणि दुखावल्यासारखी म्हणाली, "इतके दिस बाजूक बसतंय मी तुझ्या. माका तरी सांगूचा होता मनातला."

"तू इचारलंस?" थोरली म्हणाली. रागाने नाही. पण धाकटीने मान खाली घातली आणि तिच्या चादरीचं टोक नीट करत राहिली.

पुतण्या खिडकीशी गेला. तिथून किनारा दिसत नाही, फक्त माड आणि पाणी भरलेला वाफा दिसतो. मला वाटत होतं, हा नाही म्हणणार. म्हणाला तर काय करायचं, हे मी ठरवून ठेवलं होतं: रजिस्टर मिटायचं आणि परत जायचं. वाडीने काहीही म्हटलं तरी.

"लिव," तो वळून म्हणाला. "पण ‘परवानगी’ लिव नको. ‘इचारून’ लिव."

मॅडमनी थोरल्या काकीकडे बघितलं.

"इचारून बरा आसा," काकी म्हणाली.

कागदावर सहीच्या वर चार बोटं जागा होती. तिथे मी निळ्या पेनने, सगळे बघत असताना, ते वाक्य लिहिलं: ‘सदर होडी विकावयाची किंवा बदलावयाची झाल्यास पुतण्याने लिहून देणार हिला आधी विचारावे, व तिने हो म्हटल्यावरच तसे करावे.’ मी ते मालवणीत वाचलं. थोरली काकी म्हणाली, परत वाच. परत वाचलं. बाजूला पुतण्याने सही केली. काकीचा अंगठा दोनदा पुसट उठला. मासे सोलून रेषा झिजलेल्या. तिसऱ्यांदा धाकटीने तिचा हात धरून कपड्याने पुसला आणि मग बाजूला झाली, दाबला तिचा तिनेच. ओळखणारी म्हणून मी सही केली. मग खालचा मजकूर, माझा, मॅडमनी पेनाने जिथे जिथे बदलायचा होता तिथे बदलून वाचला: ‘लिहून देणार यांना आजारपणामुळे कार्यालयात येता न आल्याने वरील मजकूर आज रोजी त्यांच्या राहत्या घरी, घरातील इतर माणसे बाहेर असताना, मालवणी बोलीत वाचून दाखवला. त्यांनी एक अट घालण्यास सांगितले. ती पुतण्याच्या समक्ष हाताने लिहून पुन्हा वाचून दाखवली. बरोबर आहे असे त्यांनी सांगितले व माझ्या समक्ष अंगठा केला.’

मॅडमनी शिक्का मारला. मी पहिल्यांदा शिक्क्याकडे नाही, त्याच्या वरच्या ओळींकडे बघत होते.

सोमवारी कॉलेजला दांडी मारून मी पुतण्याबरोबर परवान्याच्या कचेरीत गेले. त्याने बोलावलं नव्हतं. अट मी लिहिली होती, कोणी प्रश्न विचारला तर उत्तर मलाच द्यायला हवं होतं. टेबलावरच्या साहेबांनी कागद उलटसुलट केला.

"हे काय हाताने लिहिलंय? संमतीपत्र असं नसतं. आमच्याकडे नमुना आहे."

पुतण्याने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी दोन पावलं मागेच गेले असते. गेले नाही.

"साहेब, नमुना बघितलाय," मी म्हटलं. माझा आवाज बारीक होता पण तुटला नाही. "त्यात लिहून देणार कार्यालयात आली असं आहे. ही आली नाही. जसं झालं तसं खाली लिहिलंय. होडी नावावर करायला तिची संमती आहे, ती वर स्पष्ट आहे. अट त्या दोघांमधली आहे, तुमच्या परवान्याला ती आड येत नाही."

"तू कोण?"

"ओळखणारी. माझी सही आहे ती."

त्यांनी सही बघितली, मला बघितलं आणि कागद घेऊन आतल्या खोलीत गेले. आम्ही बाकड्यावर बसलो. पंख्याखाली भिंतीवरचं कॅलेंडर हलत होतं आणि मी मनातल्या मनात खालचा मजकूर पुन्हा पुन्हा तपासत होते, कुठे न बघितलेलं काही लिहिलंय का. सापडलं नाही. अर्ध्या तासाने साहेब बाहेर आले, आवक-जावकच्या वहीत नोंद केली आणि पोच दिली. आठवड्याभरात होईल म्हणाले. सहा दिवसांत झालं. बंदी उठली तेव्हा होडीचा परवाना पुतण्याच्या नावावर होता.

पण त्या सोमवारी हे आम्हांला माहीत नव्हतं. पोच घडी करून त्याने खिशात घातली आणि आम्ही स्टँडकडे चालू लागलो.

"एका कागदाक एक आठवडो," तो शेवटी म्हणाला. "पुढच्या वेळेक मी दुसऱ्या नोटरीकडे जातलंय. सांगून ठेवतंय."

"जा," मी म्हटलं. "पण मोठ्या काकीक घेवन जा."